पत्र्यातला भिवा

मानसानं चंद्र नुसता खालनंच बघितला व्हता, तवाची ही गोष्ट. एका शेतात उंदीर आन् खारी चंद्रावरची लढाई खेळायचे. धरलेला गडी दिवस मावळायच्या आत दुसऱ्यांच्या बिळातनं सोडवून आनायचा, न्हाईतर डाव गेला.

भिवा उंदराला कुनी चावंल याचं लई भ्या. त्यानं तेलाच्या डब्याचं चिलखत केलं आन् आत शिरला. धाकटा भाऊ तान्या म्हनला, "दादा, लढायचं हाय का लोनचं घालायचंय तुझं?"

त्याच दिवशी खारींनी तान्याला धरला. भिवा खडखडत निघाला. एकीलाबी त्यो आवरला न्हाई. पर बिळाच्या तोंडाशी पत्रा अडकला. अरं येड्या, बीळ काय तुझ्या मापानं खांदलं व्हतं?

"दादा, पत्रा काढ आन् ये की आत," तान्या वरडला.

"चावतील त्या."

"खेळात कोन चावतंय, बाबा?" म्हातारी खार म्हनली.

भिवा हलला न्हाई. दिवस मावळला, डाव गेला. मग समदे उंदीर-खारी बिळात दाटीनं बसून शेंगा खाऊ लागले. आता पत्रा काढला तर हसतील, म्हनून भिवा बाहेरच.

तान्या दोन शेंगा घिऊन आला. भावाच्या पाठीवर हात ठिवून लई वेळ उभा ऱ्हायला. भिवाला त्यो हात कळलाच न्हाई, आन् मान वळवायला पत्र्यात जागा नव्हती.

"रुसलाय गडी," असं मनाशीच म्हनत तान्या आत गेला.

भिवा तिथंच बसून ऱ्हायला, कुनीतरी बोलवायला येईल म्हनून.