निवळीचा तोरा

गावात नळ आला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. येसूबाई नदीचं गढूळ पाणी आणायची आणि निवळीची बी रांजणाला आतून घासायची. थोड्या वेळात गाळ तळाशी बसायचा, पाणी नितळ व्हायचं. त्यामुळे बीला कोण तोरा!

एका पावसाळ्यात येसूबाईच्या रंगूला जुलाब लागले. पोर पार गळून गेली. येसूबाई निवळीची बी आणखी जोर लावून घासू लागली.

"येसू, तसंच पाजू नकोस गं," चूल म्हणाली. "आधी माझ्यावर उकळ."

बी फणकारली. "काळतोंडे, बघ तरी! रांजणाचा तळ दिसतोय. या पाण्यात वाईट असेलच काय?"

"दिसतं ते तू खाली बसवतेस. पोरीला छळतंय ते दिसतच नाही."

येसूबाईने रंगूकडे पाहिलं आणि हंडा चुलीवर चढवला. पाणी खळखळ उकळलं. ते निवल्यावर ती रंगूला घोट घोट पाजत राहिली. दोन-तीन दिवसांनी रंगू उठून बसली आणि भाकरीसाठी हटून बसली. येसूबाईचा जीव भांड्यात पडला.

बी हळूच म्हणाली, "म्हणजे आता माझं काही काम नाही."

"वेडी का तू?" चूल म्हणाली. "तू नसतीस तर मी चिखलच उकळत बसले असते."

"आणि उद्या तुझ्याहून शहाणं कोणी आलं तर?"

चूल हसली. "येऊ दे की. मी थंड पडेन आणि रंगूची नातवंडं बिनघोर पाणी पिताना बघत बसेन."