लाल वायर काढून दाखव

“किती घातल्यास?”

“नऊ.”

“कशात?”

“पाऊण इंचीत. समोर दिसतंय की, चाचा.”

दस्तगीर मिस्त्री भिंतीजवळ गेले. गावच्या दवाखान्यात बाळंतिणींसाठी नवी खोली बांधली होती. भिंतीत झिरी मारून वायरींचा पाइप बसवला होता. सकाळी गवंडी येणार, वरून गिलावा करणार. मग आत काय कोंबलंय ते देवालाच ठाऊक.

काम केलं होतं सुकुमारनं. मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा. हुशार, पण नाकावर राग. मिस्त्रींचा तर नाकाच्याही वर.

मिस्त्रींनी आज ‘बरं झालंय’ एवढं म्हटलं, की नव्या शाळेचं काम सुकुमारला एकट्याला मिळणार होतं. त्या दोन शब्दांसाठी तो सकाळपासून जेवला नव्हता.

मी समोरच्या माझ्या घराच्या ओट्यावर मूग निवडत होते; खोलीचं दार सताड उघडं. सूप तसंच राहिलं मांडीवर.

मिस्त्रींनी पाइपाच्या तोंडाला बोट लावलं. हुंगलं.

“साबण?”

सुकुमारनं हात पँटला पुसला.

“साबण लावून चढवलेली बांगडी निघते कशी, ठाऊक आहे? फोडून.”

“मला बांगड्या नका शिकवू, चाचा. वायरीचं बोला. बसल्या का नाही? पाइपाचं तोंड मोजलं, वायरीची जाडी मोजली. हिशेबानं अजून एक बसली असती.”

“तोंड मोजलंस. वळण कुणी मोजायचं?”

“वळणावरनं गेल्या की.”

“हीटरची वायर कुठली?”

“त्यातच.”

“पंख्याची? दिव्याची?”

“सगळ्या त्यातच.”

“इथं बाई बाळंत होणार. लेकराला ऊब पाहिजे म्हणून हीटर चालू राहणार. वायर तापणार. तो ताव जायचा कुठं?”

“पाइपात जाईल.”

“जागा ठेवलीस?”

“रिकामाच ठेवायचा तर पाइप बसवला कशाला?”

मिस्त्रींचा आवाज खाली आला. त्यांचा आवाज खाली आला, की माणसं चहा अर्धा टाकून उठायची.

“लाल वायर काढ.”

“काय?”

“नवातली एक. लाल. एकटी काढून दाखव. मी गपगुमान घरला जातो. शाळा तुझी.”

सुकुमारनं लाल वायरीचं टोक पक्कडीत धरलं. ओढलं.

हलली नाही.

पाय भिंतीला लावून ओढलं. आता हलली, पण एकटी कुठली? पिवळी तिच्या गळ्यात, काळी पिवळीच्या गळ्यात... सगळी जुडी वळणापाशी येऊन आवळून बसली.

रागानं त्यानं हिसडा मारला. वीतभर लाल वायर बाहेर आली. खिसणीवरनं काढल्यागत तिची साल सोललेली. आतलं तांबं उघडं, लखलखीत.

मिस्त्रींनी त्याच्या हातातली पक्कड घेतली. पाइपाच्या तोंडाशी सगळी जुडी धरली... आणि कापली.

टोकं फरशीवर पडली.

सुकुमारचं तोंड लालबुंद झालं.

“कापलंत? माझं काम कापलंत?”

“तुझं काम उद्या बाळंतिणीला जाळणार होतं.”

“मग आधी सांगायचं. कापायचं काय कारण? पण नाही. बोर्ड मी लावला, तर स्क्रू तुम्ही फिरवणार. वायर मी सोलली, की ती तुम्ही परत सोलणार. शिडीवर मी चढलो, तर खाली शिडी धरून तोंड तुमचं चालू. माझ्या हातात हात तुमचा, डोक्यात डोकं तुमचं. आज तुम्ही बाजारला गेला होता म्हणून ह्या खोलीत माझा हात मला दिसला. मला हलायला जागा ठेवलीय का कुठं?”

मिस्त्रींचा हात वर गेला.

मी सूप खाली ठेवलं. हा हात मोठा होता, आणि ह्या गावात तो कुणी अडवला नव्हता.

हात तसाच वर राहिला...

मग खाली आला. खिशाकडे गेला. खिशातला टेस्टर त्यांनी काढला. तो ते कुणाला शिवूसुद्धा द्यायचे नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. चपला घातल्या आणि खोलीबाहेर पडले.

पायरीवर बसले. खोलीकडं पाठ करून.

आत छिन्नी वाजायला लागली. आधी नुसता राग वाजत होता. ठाण, ठाण, भिंतीचा जीव घेतल्यासारखी. हळूहळू घाव एका रेषेत पडायला लागले. मी मान उंच करून बघितलं. पोरगा जुन्या पाइपाशेजारी दुसरी झिरी मारत होता. हीटरची, वेगळी.

मिस्त्रींनी मागं वळून बघितलं नाही. दोनदा मान वळायला लागली होती. दोन्ही वेळा त्यांनी गुडघा घट्ट धरला.

छिन्नी थांबली.

सुकुमार दारात आला. अंगभर विटकरीची धूळ. राग अजून तोंडावरनं उतरला नव्हता. हातात तो टेस्टर.

“चाचा, ह्या जुन्या पाइपात किती घालू?”

मिस्त्री समोर रस्त्याकडंच बघत होते.

“एक तर निघाली, इथं पायरीवर येऊन बसलीय,” ते म्हणाले. “आता तू मोज.”