सुगरतीच्या पोटावरचे डाग

"विळा कोणी तापवला?"

डॉक्टर देवकुळेंचा प्रश्न दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या लतीफबाबा फकिराला होता. बाजूला रामकली. तिच्या मांडीवर तिची तीन वर्षांची लेक सुगरती, आणि सुगरतीच्या पोटावर सात तपकिरी डाग.

मेळघाटात तान्ह्या पोराचं पोट फुगलं की तापल्या विळ्याचा चटका देतात. असली दोन लेकरं देवकुळेंच्या हातात दगावली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. देवकुळे तर पाणीही फुंकून पिऊ लागले होते.

"जन्मापासून आहेत जी," रामकली म्हणाली.

"सगळ्या असंच सांगतात. आणि बाबा, पोरं तुम्ही डागता हे अख्खं गाव सांगतं."

"डागत होतो... सोडून दहा वर्सं झाले."

"मग हे काय?"

बाबा वाकून पोरीच्या पोटाकडे निरखून पाहू लागले.

"आज पोलिसांत कळवतो. मुलगी हिच्याकडे ठेवणार नाही."

रामकलीनं रडत लेकीला पोटाशी धरलं. तिच्या रडण्यावरही देवकुळेंचा विश्वास बसेना.

बाबांनी आपली पोटरी उघडी केली. भाजल्याचा जुना व्रण होता.

"डोळे मीट. बोट फिरव."

"कशाला?"

"मीट..."

व्रण खरबरीत होता, आवळलेला.

"आता पोरीच्या पोटावर."

देवकुळेंनी मिटल्या डोळ्यांनी बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. डाग सापडेचना. सगळीकडे सारखीच मऊ कातडी.

त्यांनी डोळे उघडले, सुगरतीचा हात वर केला. काखेत बारीक ठिपक्यांचा सडा. काखेत कोण कशाला डागेल?

कॉलेजात घोकलेलं नाव आठवलं: न्यूरोफायब्रोमॅटोसिस. नसांचा, जन्माबरोबर येणारा आजार; असले सपाट डाग आणि काखेतले ठिपके ही त्याची खूण. पोरीचे डोळे तपासायला हवेत, पुढे अंगावर येणाऱ्या गाठींवर वर्षानुवर्षं लक्ष हवं. आणि आपण तिला आईपासून तोडायला निघालो होतो. देवकुळेंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलो, बाबा." त्यांनी घाईनं मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. "हा आजार पुष्कळदा आईबापांकडून येतो. हिच्या घरात कोणाला..."

रामकलीनं बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत मऊ, लहान लहान गाठी.

"कधीपासून?"

"पोरीच्या वेळेपासून वाढल्या. कोणी इचारलं नाही जी."

देवकुळे बाबांकडे वळले.

"माह्याकडे काय पाहतं, बेटा? सकाळपासून हिच्यावर डोळे वटारून बसला... आता हिले पाह्य."