खोप्यातल्या गुंजा

डोंगराच्या पायथ्याला रान, रानाच्या पदराला गाव आणि गावाच्या पार शेवटाला एक झोपडी. झोपडी इतकी इवलीशी, की सकाळचं कोवळं ऊन आत आलं तर त्यालाही पाय पोटाशी घेऊन बसावं लागे. त्या झोपडीत सगुणा राहायची. तिची आई गोदा, बाप भिवा आणि धाकटी बहीण तानी. एवढीच माणसं.

भिवा केरसुण्या बांधायचा. रानातल्या शिंदीच्या झाडाची पाती आणायची, उन्हात वाळवायची, बारीक चिरायची आणि मूठ आवळून बांधायची. दिवाळीला लोक ह्याच केरसुणीला लक्ष्मी म्हणतात, हळदकुंकू वाहतात. भिवाच्या हातून अशा कितीतरी लक्ष्म्या लोकांच्या घरी गेल्या, पण त्याच्या घरी काही लक्ष्मी टिकेना. बाजारच्या दिवशी पैसा यायचा आणि बघता बघता कुठं जायचा कोण जाणे! जणू कुणी झाडूनच नेला.

मग एके दिवशी हौसामावशी आली. ही गोदेची थोरली बहीण. पलीकडच्या गावात तिचं मोठं घर, गोठ्यात म्हशी, पण मांडीवर मूल नव्हतं. बोलायला फटकळ, मनानं वाईट नव्हती. तिनं आल्या आल्या कोपऱ्यातल्या कणगीत हात घातला. कणगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची उंच टोपली, शेणानं सारवलेली. मावशीचा हात थेट तळाला टेकला.

"गोदे, हिवाळा कसा काढशील गं? ह्या कणगीत तर उंदीरसुदिक उपास करत असंल!"

गोदा चुलीतली लाकडं पुढं सारू लागली.

"तानीला माझ्याकडं धाड. दूधभात खाईल पोर. कोजागिरीच्या पुनवेला मी येते. तवर ही कणगी काठोकाठ भरली तर पोर तुझी. न्हाई भरली तर मी न्हेते. बोल?"

पोर उपाशी राहण्यापेक्षा पोटभर जेवलेली बरी, असं गोदेनं मनाला समजावलं आणि मान हलवली. हलवली खरी, पण पदर डोळ्याला लावून.

सगुणाच्या कुशीत तानी अंगठा चोखत झोपली होती. तिचे मऊ मऊ केस सगुणाच्या हनुवटीला लागत होते. सगुणाला वाटलं, हे केस उद्या इथं नसले तर?

दुसऱ्या दिवशी ती पाती आणायला रानात गेली. सारं माळरान सोनकीच्या फुलांनी पिवळंधमक झालं होतं. वारा आला की सोन्याची लाट इकडून उठे आणि तिकडं जाऊन हसे. ओढ्याकाठी शिंदीची झाडं उभी होती. सगुणानं कोयता काढला. बानं शिकवलं होतं तशी ती बाहेरच्या बाहेरच्या झावळ्या घेत चालली. मधला कोवळा गाभा तोडायचा नाही. गाभा तोडला की झाड मेलं. हा ह्या कामाचा पहिला धडा.

एका झाडाच्या झावळ्या लांबच लांब होत्या. पण त्यांच्या टोकांना सुगरणींचे खोपे झुलत होते. हिरवे खोपे, पिवळे खोपे, आणि एक जुना, सुना, चंदेरी रंगावर आलेला. सगुणानं हात मागं घेतला.

"का गं, सोडलीस ती झावळी?" कुणीतरी विचारलं. आवाज असा, की पैंजणातला एकच घुंगरू वाजावा.

"तिथं पाखरांची घरं हायत," सगुणा म्हणाली. आणि मग दचकली, कारण तिथं माणूस कुणीच नव्हतं!

त्या चंदेरी खोप्याच्या नळीतून आधी एक उजेडाचा धागा उतरला. मग दोन नाजूक पावलं. मग करंगळीएवढी एक परी! तिचा झगा सोनकीच्या पाकळ्यांचा, पंख चतुराचे, आरपार दिसणारे, आणि भाळावर दवाच्या थेंबाची बिंदी. ती हलली की बिंदीतून सात रंग सांडत आणि गवतावर पडून विझत. सगुणा बघतच राहिली. हातातला कोयता कधी खाली गेला, तिला कळलंही नाही.

"घाबरू नकोस. दुसऱ्याचं घर राखणाऱ्याची एक इच्छा मी पुरी करते. माग."

"आमची कणगी भरू दे," सगुणा एका दमात म्हणाली. "म्हंजे तानीला मावशी न्हेणार न्हाई."

"भरेल. पण माझ्या इच्छेला नियम असतात, बाळे. रोज उन्हं कलली की इथं यायचं. घरात आलेल्या प्रत्येक पैशाला जोंधळ्याचा एक दाणा ह्या खोप्यात टाकायचा. गेलेल्या प्रत्येक पैशाला एक लाल गुंज. टाकताना तो पैसा कुठं गेला ते बोलायचं. अंदाज नको, लपवालपवी नको. आणि झाडाचा गाभा जसा राखतेस, तसा घराचाही राखायचा. पैसा आला की खर्चाआधी थोडा बाजूला काढायचा आणि पुनवेपर्यंत त्याला हात लावायचा नाही."

सगुणा घरी धावली. ऐकून गोदेनं तोंडाला पदर लावला.

"अगं, पऱ्या सोनं देत्यात, मोती देत्यात. हिशेब वाणी मागतो!"

"ह्या परीचा बाप वाणी असंल," भिवा हसून म्हणाला. पण सगुणाचे डोळे असे चमकत होते, की दोघांनी तिला दिवसाचं आलं-गेलं सांगितलं.

संध्याकाळी तिनं खोप्यात दाणे टाकले, गुंजा टाकल्या. "ही तेलाची. ही मिठाची. ही गुळाची. ही बाच्या तंबाखूची." परीनं हलकेच फुंकर घातली आणि काय सांगू! खोपा आतून उजळला. गुंजा काजव्यांसारख्या एकेक करून बाहेर आल्या, लाल लाल, लुकलुकत्या. हवेत तरंगत त्यांनी चित्रं काढली. ही तेलाची बुधली, हा मिठाचा खडा, ही गुळाची ढेप. आख्खं घर आभाळात मांडल्यासारखं दिसत होतं. सुगरणी चिवचिवायच्या थांबल्या. ओढासुद्धा हळू वाहू लागला.

रोज नवं चित्र निघे. आणि बघता बघता सगुणाला एक गोष्ट दिसली. तेलाची रांग सगळ्यांत लांब!

"आये, आपण रोज द्रोणातनं घोटभर तेल आणतो. घोट घोट घेतलं की महाग पडतं. आणि थोडं तर त्यो द्रोणच पितो!"

"खरंच की गं," गोदा म्हणाली. "इतकी वर्षं मी द्रोणाला फोडणी देतीया!"

पुढच्या बाजारी त्यांनी आधी गाभ्याचे पैसे मडक्यात टाकले, मग एकदमच बुधलीभर तेल घेतलं. लाल रांग आखूड झाली. गाभ्याच्या पैशातून जोंधळा आला. कणगीचा तळ झाकला. मग रास वीत वीत चढत गेली. तानी रोज कणगीच्या काठाला लोंबकळून आत डोकावायची आणि "भलली? भलली?" विचारायची.

पण काही गुंजा पेटायच्याच नाहीत. काळ्या पडून खोप्याच्या तळाशी बसायच्या. परी कपाळाला आठी घालून म्हणायची, "ह्यांची नावं चुकीची सांगितली आहेत." सगुणाला काही उमजेना. ती तर ऐकलं तेच सांगत होती.

मग पुनव जवळ आली आणि भिवाला ताप भरला. सगुणा एकटीच बाजारला केरसुण्या घेऊन गेली. परत येताना वेशीजवळ भागाआजी दिसली. एकटी म्हातारी, जवळ एक कुत्रं, बाकी कुणी नाही. विकायला आणलेले तिचे आवळे ओढ्यात सांडून वाहून गेले होते आणि ती काठावर बसून पाण्याकडं बघत होती. सगुणाचा हात आपोआप कनवटीला गेला. तिनं दोन नाणी आजीच्या मुठीत दाबली.

"कुणाला सांगू नका, आजी."

"न्हाई गं माझी बाय. तू बी तसंच म्हनतीस व्हय!" आजी पुटपुटली. पण सगुणा तोवर पळालीसुद्धा.

संध्याकाळी खोप्यापाशी ती थबकली. आईनं शिकवलं होतं, दिलेलं बोलून दाखवू नये, पुण्य उडून जातं. मग तिनं तेवढे दाणे टाकलेच नाहीत, तेवढ्या गुंजाही नाहीत. ते पैसे जणू आलेच नव्हते, न् गेलेही नव्हते.

परीनं फुंकर घातली. एकही काजवा उठला नाही. खोपा काळाठिक्कर झाला. परीच्या पंखांवरचा उजेड मावळत गेला आणि भाळावरची बिंदी साध्या पाण्यासारखी दिसू लागली.

"सगुणा," ती क्षीण आवाजात म्हणाली, "काय लपवलंस?"

सगुणाचा बांध फुटला. तिनं सगळं सांगितलं. परीनं ऐकून घेतलं.

"दान गावात मिरवू नये, हे खरंच. पण घराला सांगावं. तो पैसा एकटीचा नव्हता, तानीचाही होता. आता मला सांगून उपयोग नाही. ज्यांच्यापासून लपलं, त्यांच्यापुढं सांग. उजेड तिथूनच येईल. आला तर."

"आणि न्हाई आला तर?"

 परी खोप्यात शिरली.

सगुणा घरी आली. चुलीपुढं गोदा, अंथरुणावर भिवा. तिनं हुंदके देत देत सांगितलं, "तानीच्या कणगीचे पैसे मी भागाआजीला दिले."

 तवा नुसताच तापत राहिला.

मग गोदेनं मान खाली घातली. "पोरी, तू कशापायी रडतीस? मी रोज तिला भाकरी देते. तुला मातूर सांगते, तेवढ्या पिठाचा पैसा कोंड्यात गेला म्हणून."

भिवा उठून बसला. "रोज? अगं, मी बी तिला देतोय! बाजारच्या दिवशी पैसे घालतो तिच्या ओटीत. तंबाखू कवाच सोडली मी. नाव तेवढं तंबाखूचं सांगतो."

तिघं एकमेकांकडं बघत राहिली. आणि मग गोदाच आधी हसली. "तरीच! तरीच म्हातारीचं कुत्रं एवढं गुटगुटीत झालंय! गावभरची कुत्री हाडकी, न् तिचं मेलं जहागीरदारावाणी चालतंय!"

भिवा इतका हसला की त्याला घाम फुटला आणि ताप उतरला. हसता हसता गोदेचे डोळे भरले. तिघांनी ठरवलं, आजीची एक भाकरी रोज, चौघांच्या नावानं, उघड. जास्त नाही आणि कमीही नाही.

दुसऱ्या संध्याकाळी सगळं घर रानात गेलं. तानी बाच्या खांद्यावर. गोदेनं स्वतःच्या तोंडानं गुंजांची खरी नावं सांगितली, मग भिवानं, शेवटी सगुणानं. परी बाहेर आली नाही. पण खोप्याच्या तळाशी काळ्या पडलेल्या गुंजा एकेक करून पेटू लागल्या. लाल नाही, दुधासारख्या पांढऱ्या! इतका शुभ्र, इतका शांत उजेड भिवानं जन्मात बघितला नव्हता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले. गोदेचे ओठ नुसते हलत होते. तानीनं मात्र टाळी वाजवली.

पुनवेच्या दिवशी हौसामावशी आली, तानीसाठी नवं परकर-पोलकं घेऊन. तिनं कणगीकडं बघितलं आणि तिचे डोळे विस्फारले.

"अगंबाई! हे कुठनं आलं?"

"आमच्याच घरातनं," गोदा म्हणाली. "गळत होतं, ते थांबलं."

मावशीनं वरून हात लावून बघितलं. मग हळूच म्हणाली, "वीतभर कमी हाय गं, गोदे."

खरंच कमी होतं. दिला शब्द होता.  गोदेनं तानीचं फडकं घडी घालायला घेतलं. सगुणानं तानीला घट्ट धरलं.

तेवढ्यात दारातून सोनकीच्या फुलांचा वास आला. बाहेर पुनवेचं चांदणं उतरत होतं आणि त्या चांदण्याच्या धारेवरून, जिन्यावरून उतरावं तशी, परी आली. आता तिचा झगा सोन्याचा आणि दुधाचा असा दोन उजेडांचा होता.

"बाकीची कणगी ह्यांनी भरली," ती म्हणाली. "एवढी वीत माझी."

तिनं पंख झटकले. पंखांतून दाणे झरू लागले. मोत्यासारखे, टपोरे, झरझर झरझर. प्रत्येक दाण्यात एक इवलासा चंद्र. कणगी काठाला आली आणि झरणं थांबलं. एक दाणा जास्त नाही. मग परीनं सगुणाच्या केसांवरून वाऱ्यासारखा हात फिरवला, उजेड एवढा वाढला की सगळ्यांचे डोळे मिटले, आणि उघडून बघतात तर दारात नुसतं टिपूर चांदणं!

 हौसामावशी खाली बसली होती, नवं परकर-पोलकं मांडीवर धरून. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. तानी सगुणाचा हात सोडून तुरुतुरु गेली आणि त्या परकर-पोलक्यावरच जाऊन बसली, मावशीच्या मांडीत.

मावशीनं नाक पुसलं. "गोदे, पोर तुझीच. पण मला चार दीस राहू देशील? एका माणसाचं जास्तीचं बसंल का गं तुमच्या हिशेबात?"

गोदेनं सगुणाकडं बघितलं. सगुणानं कणगीकडं बघितलं, मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "बसंल की, मावशी. पीठ मळायला घ्या."

त्या घरात पुरलं आणि पुरून उरलं. बाळांनो, तुमच्याही घरात तसंच पुरो, तसंच उरो.