तापलेल्या खडकाचा मानकरी

फार पूर्वी एका माळावर सरड्यांची रीत होती की, जो सर्वांत तापलेल्या खडकावर बसेल तोच खरा मर्द. तांबोजी सरडा भर दुपारी तिथे मान डोलावत बसे आणि करवंदीच्या सावलीतल्या भिवाला बायल्या म्हणून हिणवी.

तांबोजीच्या बायकोच्या, धोंडाईच्या, अंड्यांतून एकही पिल्लू निघालं नाही. "खोट तुझ्यातच आहे," म्हणत त्याने दुसरी केली. तिचीही अंडी तशीच सुकून गेली. माळावर पिल्लं धावू लागली ती सगळी भिवाची.

"अहो, त्या खडकावर तुमचं बीज भाजून निघतंय," धोंडाई म्हणाली. "जरा सावलीत बसा."

तांबोजी फुगला. "वाडवडिलांचा खडक सोडू? उद्या पोरांना काय तोंड दाखवू?"

"कुठल्या पोरांना?" धोंडाईने विचारलं.