अंबू वाणिणीची उदबत्ती

फार फार वर्षांपूर्वी, पळसकुंडाला यायला धड गाडीवाटही नव्हती, तेव्हा गावात दुकान एकच होतं, अंबू वाणिणीचं. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं ते चालवलं. मीठ, तेल, गूळ, डाळ, जे लागेल ते तिच्याकडंच मिळायचं.

दिवस उगवला की अंबू उंबरठा धुवायची, तागडीला हळदकुंकू लावायची, गणपतीपुढं दिवा लावून उदबत्ती खोचायची. ती जळून संपेपर्यंत देणं नाही, घेणं नाही, उंबरठ्याच्या आत कुणाचं पाऊल नाही. पाटीलसुद्धा बाहेर उभा राही. आणि त्या तागडीसमोर अंबू कधी खोटं बोलली नाही, असं म्हणतात.

एका वर्षी पाऊस पडलाच नाही. वरच्या अंगाला गढीच्या सरदाराचा तलाव होता, त्यात पाणी होतं. पण गावाकडं पाणी सोडणारी मोरी त्यानं दगडांनी बुजवून टाकली होती. आधी गुरं गेली, मग लेकरं अंथरूण धरू लागली. तेव्हा लिंबा पाथरवटानं घण उचलला आणि पहाटे मोरी फोडली. ओढ्याला पाणी आलं, आणि लिंबाच्या मागं घोडेस्वार आले.

अंबूचा दिवा नुकता लागला होता. लिंबा धापा टाकत दारात आला.

"आक्का, लपव मला. ते मारतील."

अंबूनं त्याला गुळाच्या ढेपांमागं बसवलं. मग तिनं उदबत्ती पेटवली, तोच टापा वाजल्या.

स्वारांचा जमादार घोड्यावरून उतरला. "बाई, पाथरवट आत आहे का?"

"उदबत्ती चालू आहे, दादा. ती संपू द्या."

"मग तागडीवर हात ठेवून सांगाल?"

अंबू म्हणाली, "सांगेन."

देवाच्या कामात पाय घालायला जमादारही कचरला. एवढीशी तर काडी, असं म्हणत तो पायरीवर बसला. त्याचे स्वार मागच्या दाराशी उभे राहिले.

अंबूची नजर त्या लाल टोकावर खिळली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, आज खोटं बोलावं. पण जीभ वळणार नाही, हेही तिला कळत होतं. 'देवा,' ती मनात म्हणाली, 'मला बोलायची वेळ आणू नकोस.'

उदबत्ती अर्धी जळाली आणि तिथंच राहिली, असं म्हणतात. टोक लाल, धूर चालू, पण काडी काही कमी होईना. उन्हं वर आली. सगळा गाव दुकानापुढं जमला.

आणि धुरानं लिंबाला खोकला आला.

जमादार ताडकन उठला. त्याचा हात तलवारीवर गेला. तेवढ्यात गर्दीतली एक म्हातारी खोकली. मग तिच्या शेजारचा खोकला. मग आख्खा गाव खोकत सुटला.

"धूर फार झालाय बघा," म्हातारी म्हणाली.

जमादाराला सगळं समजलं होतं. त्यानं उंबरठा ओलांडायला पाय उचलला, आणि तो तसाच अधांतरी राहिला. त्यानं उदबत्तीकडं पाहिलं. मग वळून गर्दीतल्या, गालफडं बसलेल्या लेकरांकडं पाहिलं. त्यांची तोंडं अजून ओढ्याच्या पाण्यानं ओली होती. त्यानं पाय मागं घेतला, वहाणा काढल्या आणि उंबरठ्याला हात लावून कपाळी नेला.

"बाई, तुमची पूजा काही आज उरकत नाही. आम्हाला पुढं जायचंय."

टापा ऐकू येईनाशा झाल्या, तेव्हा उरलेली उदबत्ती एकदम राख होऊन पडली, असं म्हणतात. अंबू उठली. दिला शब्द तिनं पाळला. तागडीवर हात ठेवून सगळ्या गावादेखत म्हणाली, "होय. आत आहे."

लिंबा त्याच दिवशी घाट उतरून गेला. सरदारानं मोरी पुन्हा बुजवायचा हुकूम काढला, पण त्या मुलखातला एकही पाथरवट दगड लावायला तयार होईना.

आता पळसकुंडात दुकानं पुष्कळ झालीत. सकाळची पहिली उदबत्ती मात्र सगळीकडं अंबूच्या नावानं लागते. ती जळते आहे तोवर आधीच कुणी आत येऊन बसला असेल, तर 'कुठला, कशाला आलास' असं त्याला विचारत नाहीत. पाण्याचा तांब्या पुढं ठेवतात आणि आपल्या कामाला लागतात.