सांडलवाडीचा दिवा

एक होती आभाळाची आई. तिला एकदा काय हुक्की आली कोण जाणे, तिने भला मोठा तवा तापवला आणि त्यावर घावन घातलं. पीठ कसं, अगदी सगळीकडे सारखं. म्हणजे तिला आपलं तसं वाटलं. पण हाताने घातलेलं पीठ ते. कुठे केसभर जास्त, कुठे केसभर कमी, असं राहतंच. मग तवा तापला. जिथे कमी होतं तिथे भोकं पडली, आणि पीठ सरकत सरकत भोकांच्या कडांना जाऊन बसलं. झाली की छान जाळी! आभाळाच्या आईला ती इतकी आवडली, की घावन उलटायचंच विसरली. ते अजून तसंच आहे.

त्या पिठाचा एकेक कण म्हणजे चांदण्यांचं एकेक गाव, बरं का. पुस्तकात त्याला दीर्घिका म्हणतात, आपण गावच म्हणू. सगळी गावं त्या जाळीच्या दोऱ्यांवर, एकमेकांना धरून. आणि जिथे दोऱ्या येऊन मिळतात, तिथे तर नुसती खेटाखेट. मधली भोकं मात्र रिकामी. काळी, थंड आणि रिकामी.

पण सगळ्यांत मोठ्या भोकात, अगदी मधोमध, पळीतून एक थेंब सांडला होता. त्याचंही गाव झालं. त्याचं नाव सांडलवाडी.

ए निमे, पांघरूण एकटीकडे ओढू नकोस. हां.

तर सांडलवाडीत आवडी नावाची एक मुलगी आईजवळ राहायची. आधी तिथे चार घरं होती. पण जिथे माणसं फार, तिकडेच माणसांची ओढ. आधी कुंभार गेला. मग गुराखी गेला. मग शेजारची गिरजामावशी, तीसुद्धा आवडीच्या गालावरून हात फिरवून गेली. गेले सगळे जाळीकडे.

आता त्या गावांची एक रीत होती. संध्याकाळची जेवणं उरकली, की दिवा घेऊन ओसरीवर यायचं आणि तो तीनदा हलवायचा. म्हणजे, ‘जेवलात का?’ मग समोरच्याने आपला दिवा तीनदा हलवायचा. म्हणजे, ‘जेवलो हो.’ आणि पुन्हा तीनदा हलवून उलट विचारायचं, ‘तुम्ही?’ एवढं झालं, की सगळे निजायला मोकळे.

गिरजामावशी गेली त्या संध्याकाळी आवडीची आई दिवा घेऊन बाहेर आली. समोरच्या घरात कुणीच नव्हतं. मग तिने अंधाराकडेच तोंड केलं आणि दिवा तीनदा हलवला.

"कुणाला गं विचारतेस?" आवडी म्हणाली.

"असेल कुणी," आई म्हणाली.

रोज विचारायची. जबाब काही यायचा नाही. मग आवडी मोठी झाली, आई म्हातारी झाली, आणि एक दिवस आई गेली. जाताना म्हणाली, "विचारत राहा बाळा."

आवडी विचारत राहिली. एकटीने भाकरी करायची, एकटीने खायची, पाट्यावरवंट्याशी बोलायचं. तिला फार एकटं वाटायचं. घास तोंडात फिरायचा नुसता. शेवटी एका संध्याकाळी ती रडली, म्हणाली, "कुणी नाहीच आहे तिकडे!" आणि तिने दिवा मालवला. फुंकर नाही हं मारली, दिव्याला फुंकर मारू नये. वात तेलात ओढली. दाराला कडी घातली आणि निघाली.

आधी लागला अंधार. केवढा अंधार! ना झाड, ना पाणवठा, ना भुंकणारं कुत्रं. मध्येच एखादा बारीक ठिपका सावकाश सरकताना दिसे. आवडीला वाटलं, काजवा असेल. ती भरभर पुढे गेली.

मग लागली जाळीची एक दोरी. बारीकशा रांगेत गावं. आवडी म्हणाली, "मला राहू देता का?" लोक म्हणाले, "अगं, आम्हीच निघालोय मोठ्या गावाला. चल आमच्याबरोबर." ती चालली.

मग आलं गाठीचं गाव. बाई बाई, केवढी गर्दी! भिंतीला भिंत, कोपराला कोपर. सगळे आतल्या चौकाकडे तोंड करून बसलेले. इथे दिवा कोण हलवणार? आवडीने कुणाच्या ओसरीवर पथारी टाकली, कुणाच्या पंगतीत पान घेतलं. पण जेवलीस का, असं तिला कुणी म्हणून विचारलं नाही. सांडलवाडीत वाटायचं त्याहून तिला इथे जास्त एकटं वाटलं.

एका संध्याकाळी ती गावाच्या पार बाहेरच्या कडेला गेली. तिथे एका घराच्या मागच्या दारी धुरपदा नावाची म्हातारी उभी होती. तोंड अंधाराकडे, हातात दिवा. तिने तो तीनदा हलवला. थांबली. पुन्हा तीनदा हलवला.

"आजी, कुणाला जबाब देता?" आवडीने विचारलं.

"तो बघ ना, तिकडे. मागच्या सुगीपासून दिसायला लागलाय. घरात एवढी माणसं, पण जेवलीस का म्हणून मला तेवढाच एक विचारतो."

आवडीने बघितलं. पार पलीकडे, अंधाराच्या मधोमध, दिवा हलत होता. तिचंच घर! पण तो दिवा तर तिने स्वतः मालवला होता. मग तिने डोळे बारीक केले. दिवा धरून हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी होती. तिच्या पदराला धरून एवढीशी पोर.

"आई!" आवडी ओरडली, आणि मटकन खालीच बसली.

धुरपदाने तिला पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उजेड सावकाश चालतो गं. हातात दिवा असलेला माणूस कसा वाऱ्याला जपत चालतो, तसा. तू त्याला मागे टाकून आलीस. ही तुझी आई तेव्हाची निघालेली, आत्ता पोचतेय. माझा जबाब पोचला का गं तिला?"

आवडीला हुंदका आवरेना. "नाही आजी. वाटेत आहे."

मग एकदम तिच्या लक्षात आलं आणि ती उठलीच. आईचा उजेड चालत आला, तसा तिने केलेला अंधारही इकडे निघाला असणार!

"आजी, कधीतरी तिथे काळोख दिसेल. घाबरायचं नाही. मी घरी पोचले की लावतेच."

"तेव्हा मी कुठली असायला?" धुरपदा हसली. "सुनेला सांगून ठेवते." तिने घावनाची शिदोरी बांधून दिली. आवडी परत फिरली.

वाट आता आणखी लांबली होती. तव्यावर भोक मोठं होत जातं ना, तसं ते भोकही फुगत होतं. पण या खेपेला आवडीने ठिपके ओळखले. समोरून येत होते ते तिचे आणि आईचे दिवे. आणि तिच्याच बाजूने, घराकडे, चालले होते धुरपदाचे जबाब. "या हो सावकाश," ती त्यांना म्हणाली, आणि पुढे झाली.

घरी पोचली. कडी काढली. वात वर सरकवली, दिवा लावला, तीनदा हलवला.

मग किती वर्षं गेली? खूप. आवडीचे केस पिकले, दिवा हातात जड लागायला लागला. आणि एका संध्याकाळी पार पलीकडे एक ठिपका हलला. तीनदा. ‘जेवले हो.’ थांबला. पुन्हा तीनदा. ‘तुम्ही?’

धुरपदा तेव्हा होती की नव्हती, देव जाणे. जबाब आवडीच्या आईसाठी निघालेला, आणि आईही नव्हती. आवडीने पदराने डोळे पुसले आणि दोन्ही हातांनी दिवा उचलला.

"जेवलो हो," ती म्हणाली. "आम्ही दोघी जेवलो."

त्या दिवसापासून रोज जबाब येत राहिला, आणि आवडीच्या तोंडाला चव आली. सुखाने राहिली ती.

तुम्ही जेवलात ना रे सगळे? मग मिटा बघू डोळे. दिव्याचं मी बघते.